विहीणबाई आणि अडून बसलेला लॅपटॉप

आमच्या विहीणबाईंपुढं हट्टानं बंद राहील अशी वस्तू अजून कारखान्यात तयार व्हायची आहे. आणि हे मी सांगतोय, ज्यानं उभ्या जन्मात कुणाचं कौतुक केलं नाही! सुनेची ही आई मूळची अक्कलकोटकडची. राहायला जुळे सोलापुरात, आमच्याच मागच्या गल्लीत. मिक्सर असो, शिलाई मशीन असो की अडकलेली लिफ्ट, बाई आधी पदर खोचून समोर उभ्या राहतात आणि कानडीत खडसावतात, "येनाग्यद निनग?" म्हणजे, काय झालंय तुला? त्यानं भागलं नाही तरच हात लावतात. एका लग्नात माईक बंद पडला. माईकवाला तारा हुडकत बसला, तोवर ह्या अक्षता मुठीत घेऊनच स्टेजवर. माईकला दोन चापट्या हाणल्या आणि तो बोलायला लागल्यावर त्याच्यावरूनच, सगळ्या मांडवादेखत, माईकवाल्याला म्हणाल्या, "जेवून घे बाबा, लई दमलास."

माझा लॅपटॉप मुलानं मराठीत करून दिलेला. त्यात माझ्या थोरल्या भावाच्या ओव्या होत्या. सांगोल्याकडं मेंढरं राखताना तो म्हणायचा त्या. तो वारायच्या आधी मी त्याला समोर बसवून मशीनमध्ये म्हणवून घेतल्या; दुसरीकडं कुठंच नाहीत. नाती त्यावर खेळ खेळायला लागल्या, म्हणून मी रागाच्या भरात पासवर्ड घातला. राग उतरला, त्याच्यासंगं पासवर्डही डोक्यातनं उतरला. दुकानदार म्हणाला, "आजोबा, सगळं पुसावं लागेल." मी मशीन काखेत मारून उठलो.

विहीणबाईंना कळलं तशा त्या आल्याच. "पुसतोय म्हणं! शाळंची पाटी हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी मुद्दाम चुकीचा पासवर्ड मारला. खाली पासवर्ड बदलायची ओळ आली. पासवर्ड घालताना मशीननं तीन प्रश्न विचारले होते, तेच आता पुन्हा आले. जन्मगाव सांगितलं. पहिलं पाळलेलं जनावर, बाणी नावाची मेंढी, तेही सांगितलं. तिसरा प्रश्न बाईंनी वाचला, "लहानपणी काय म्हणून हाक मारायचे?"

मी फेटा सारखा केला.

"आठवंना," म्हणालो.

"आठवंना, का सांगवंना?"

थोरल्या भावानंतरची, माझ्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवून परत उचललं, मरणाला माझी हाव सुटू नये म्हणून. नावही तसंच पडलं. मशीनला खरं सांगितलं होतं. ते थोडंच हसणार होतं? पण मुलाच्या सासूपुढं, डोक्यावर फेटा असताना?

"पाव्हणं, मिशीपायी भावाच्या ओव्या घालवताय की!"

मी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणालो, "उकिरड्या."

ज्यांचं हसू चार घरं पलीकडं ऐकू जातं, त्या बाई हसल्या नाहीत. नुसती बटणं वाजली. "उघडलं. आता नवीन तुमीच घाला, मी बगत न्हाय." मग भावाचा आवाज खोलीभर झाला. बाई शेवटची ओवी संपेपर्यंत बसल्या आणि चहा न घेताच गेल्या.

गल्लीत कोण घोरतं इथपासून सगळं सांगणाऱ्या ह्या बाई; पण ते नाव त्यांनी स्वतःच्या लेकीलाही सांगितलेलं नाही. हे उपकार मी विसरायचा नाही. त्या नावानं हाक मारणारी आई गेली, भाऊ गेला. आता जिवंत माणसांत ते एकट्या विहीणबाईंना ठाऊक. दुपारी त्या फाटकातून ओरडतात, "पाव्हणं, हाय का घरात?" तेव्हा वाटतं, आजूबाजूला कुणी नसताना एकदा त्या नावानं हाक मारावी त्यांनी. मी ओ देईन.