हातभर बांगड्या

सकाळी डोळे उघडले की सविता देवाचं नाव घ्यायच्या आधी डाव्या अंगठ्यानं उजव्या हाताची करंगळीमागची जागा दाबून बघायची. कळ आली की स्वतःशीच म्हणायची, "हाय." जणू रात्रीतून दुखणं कुणी उचलून नेईल, अशी भीती होती.

एकटी तीच दाबत असती तरी चाललं असतं. पण त्या गावात दुखणाऱ्या माणसाची विचारपूस तोंडानं करत नाहीत, बोटानं करतात. "हितंच ना?" म्हणायचं आणि नेमकं तिथंच दाबायचं. ती "आई गं!" म्हणून ओरडली की समाधानानं मान हलवायची आणि चहा घ्यायचा. शेजारणी दाबून गेल्या, माहेरची माणसं दाबून गेली. मत मागायला आलेला एक उमेदवार आधी हात जोडून आणि मग हात दाबून गेला.

आता एकोणचाळीस वर्षांच्या बाईचा हात कराटेत मोडला कसा, ते सांगायला हवं.

पाथर्डीच्या शाळेच्या मैदानावर शनिवार-रविवार कराटेचा क्लास भरायचा. लेक मोनिका सातवीत. तिला एकटीला कशी धाडायची, म्हणून सविता बरोबर यायची आणि लिंबाखाली शेंगा सोलत बसायची. एकदा कल्याण सरांनी हाक मारली, "ताई, नुसत्या बसून काय करता? या की लायनीत!" तिला वाटलं, मैदान झाडायचंय. ती पदर खोचून गेली आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहिली ती राहिलीच.

महिन्याभरात सरांनी उशीसारखं जाड पॅड छातीशी धरलं आणि तळहातानं मारायला सांगितलं. सवितानं मारला. सर दोन पावलं मागं गेले.

"ताई, हे आधी कुठं शिकलात?"

"भाकरी थापते की सर."

खरंच होतं. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, तेव्हा पहाटे पाचटाच्या कोपीपुढं बसून अख्ख्या टोळीच्या भाकरी ती थापायची. त्या तळहातावर किती पोती बाजरी खपली असेल, कुणी मोजलेली नाही. सर कौतुकानं म्हणाले, "तुम्ही कायम तळहातच वापरा. मूठ तुमची नाही."

हे ती विसरली कधी, तर शाळेच्या स्नेहसंमेलनात. स्टेजवर दोन विटांवर मंगलोरी कौल ठेवलं होतं. सवितानं तळहात उगारला. तिचा नवरा अजिनाथ शेवगाव-नगर रस्त्यावर प्रवाशांची वडाप जीप चालवायचा. त्याचे सगळे ड्रायव्हर मित्र मागं उभे होते. त्यातला एक ओरडला, "वहिनी, भाकरी थापा भाकरी!" अख्खं मैदान हसलं. तिचे कान तापले. उघडा हात वरच्या वर मिटला आणि मूठ होऊन खाली आला. कौल फुटलं, त्याला टाळ्या पडल्या. हाड मोडल्याचा आवाज मात्र तिला एकटीलाच ऐकू आला.

प्लास्टर झालं, निघालं, उन्हाळा गेला, पाऊसही आला न आल्यासारखा करून गेला. हाड जुळलं होतं, पण हात काही भरेना. नगरच्या फिजिओथेरपीच्या बाई दर खेपेला तेच सांगायच्या, "हा मऊ चेंडू दाबायचा, बोटं हलवायची. मी सांगेपर्यंत ठोसा नाही, भाकरी नाही. बाकी हाताला त्याच्या त्याच्यावर सोडून द्यायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिथंच घोडं अडलं. कडू काढा प्यायला सांगितला असता तर ती तांब्याभर प्यायली असती. पण काहीच न करणं त्या घरात कुणी कधी केलं नव्हतं. सविता ओसरीवरून परसात आणि परसातून ओसरीवर येरझाऱ्या घालायची, डाव्या हातानं पाणी भरायची, डाव्या हातानं झाडायची, आणि कचरा अर्धा तिथंच राहिला म्हणून स्वतःवर चिडायची.

भाकरी अजिनाथ करायचा. सुरुवातीला त्याच्या भाकरीत रस्ते दिसायचे. शेवगावकडचा कोपरा कच्चा, नगरकडचा करपलेला. सविता परातीशी बसून नुसती तोंडानं भाकरी करायची, "अवो, फिरवा. फिरवा की! स्टेरिंग हाय असं समजा." पुढं पुढं त्याला ते जमायला लागलं. एके दिवशी तर "फुगली! फुगली!" म्हणून तो अंगणात नाचला, शेजारीपाजारी गोळा झाले. सविता कौतुकानं हसली आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

पण खरी तळमळ वेगळीच होती. उन्हाळ्यात पुढच्या पट्ट्याची परीक्षा होती, ती तिची हुकली. मोनिकानं आपणहून सांगितलं होतं, "मम्मी, मी पन थांबते. आपण दोघी संगच देऊ." पोरगी थांबली. बरोबरच्या पोरी पुढच्या रांगेत गेल्या, ही आईशेजारी मागं. आता दिवाळीनंतर पुन्हा परीक्षा होती.

"यावेळी तू थांबायचं न्हाई," सविता म्हणाली.

"मग मी तुझी सीनियर हुईन. तुला माझ्यापुढं वाकाया लागंल."

"वाकंन की."

"मला न्हाई बघवायचं," असं म्हणून मोनिका दप्तर भरायला लागली. म्हणजे हात बरा झाला नाही तर ही पोरगी पुन्हा थांबणार, हे सविताला कळून चुकलं.

म्हणून ती हाताची परीक्षा घ्यायची. शेरडांच्या गोठ्यात आडव्या वाशाला तिनं भुश्शाची गोणी टांगली होती. घरात कुणी नसलं की जायचं आणि एकच ठोसा हळूच मारून बघायचा. हळूच कसला! कळ मस्तकात जायची, हात पुन्हा सुजायचा. आणि नगरच्या बाई हाडाचा फोटो उजेडात धरून म्हणायच्या, "कमाल आहे. सूज उतरत का नाही?"

तिला पकडून दिलं शेरडांनी. प्रत्येक ठोशाला ती सगळी एकसाथ ओरडायची. सासूबाई लंकाबाई काठी टेकत बघायला आल्या, तर सून गोणीपुढं मूठ वळून उभी.

"लांडगा आलाय का काय म्हनलं!"

"आत्या, नुसतं बघत हुते. बरा झालाय का ते."

"अगं, पेरलेलं रोज उकरून बघितल्यावर उगवंल का?"

दुसऱ्या दिवशी छबूबाई कासारीण टोपली घेऊन ओसरीवर हजर. लंकाबाईंनी फर्मान काढलं, "हिचा उजवा हात भर. मनगटापासून कोपरापतूर. ढिल्या मापाच्या घाल, हात दाबू नको."

"आज काय सण हाय, मावशे?"

"हिला दावनीला बांधायचंय."

सविताच्या ध्यानात यायच्या आत हिरव्यागार काचेच्या बांगड्यांनी हात भरला. लंकाबाई शांतपणे म्हणाल्या, "आता मार ठोसा. पर ध्यानात ठिव, माझं पोरगं दिवसातून दोनदा करंजीच्या घाटानं जातं."

संपलं. जी बाई कौल फोडायची, तिला काचेनं जखडून टाकलं. बांगडी फुटली असं तिच्या घरात कुणी तोंडानंही म्हणत नव्हतं, वाढवली म्हणायचे. मारून फोडायची तर बातच सोडा. ती दारातून जाताना हात छातीशी धरायची. गोणीकडं बघायची, मूठ वळायची, बांगड्या किणकिणायच्या आणि आतून लंकाबाई विचारायच्या, "काय चाललंय गं?"

एका संध्याकाळी अजिनाथची जीप आली नाही. फोन लागेना. दिवेलागण झाली, लंकाबाईंची तीन वेळा मिसरी लावून झाली. सविता अंगणात फेऱ्या मारत होती. एरवी तिनं फाटकाच्या खांबाला एक ठेवून दिला असता. पण उजवा हात तिनं तान्ह्या लेकरासारखा पदराखाली धरला होता, एकाही बांगडीला धक्का लागू नये म्हणून. जीप आली, अजिनाथ काळ्याकुट्ट हातांनी उतरला.

"पंक्चर झाल्ती. स्टेपनी बी पंक्चर. काय झालं? अशा का बघताय?"

"काय न्हाई," सविता म्हणाली. "हात धुवा. भाकरी राहिल्यात तुमच्या."

सूज मग उतरायला लागली. दिवाळीच्या सुमारास नगरच्या बाईंनी हात उलटासुलटा केला आणि विचारलं, "काय केलंत?"

"काय न्हाई केलं," सविता अभिमानानं म्हणाली.

"हळूहळू तळहात वापरा. मुठीचं पुढं बघू." कल्याण सरांनीही परीक्षा तळहातावर घ्यायचं कबूल केलं.

परीक्षेच्या सकाळी लंकाबाईंनी खोबरेल तेल लावून एकेक बांगडी उतरवली. "डाव्या हातातल्या ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि त्यांच्यावर स्वतः रुमाल बांधून दिला. उतरवलेल्यांपैकी एकही वाढली नव्हती.

नगरच्या हॉलमध्ये मायलेकी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मोनिकाचं झालं. सविताचं नाव पुकारलं. परीक्षकांनी पॅड धरलं. इतके महिने गप्प बसलेल्या हाताची बोटं आता नकळत मिटायला लागली. तेवढ्यात पालकांच्या बाकावरून अजिनाथ न राहवून ओरडला, "अगं, भाकरी थाप! भाकरी!"

अख्खा हॉल हसला. सविताही हसली. बोटं उघडली आणि तळहात पॅडवर पडला. असा काही आवाज आला की परीक्षकांनी पॅड खाली करून आधी स्वतःचं मनगट चोळलं.

परतताना दोघींच्या मांडीवर नवे पट्टे होते. जीप करंजी घाट चढायला लागली तेव्हा सविताच्या ध्यानात आलं, की सकाळपासून आपण हात दाबून बघितलेलाच नाही. मग लगेच दाबला.

"दुखतंय का, मम्मी?"

"लई न्हाई. उलसंक."

"कुठं? हितं?" म्हणत मागच्या सीटवरून मोनिका पुढं वाकली आणि तिनं नेमकं तिथंच दाबलं.