दुधाच्या मापाचा दिवा

दिवेलागणीच्या आत घरात. आमच्या घरात हा एकच नियम पक्का होता आणि तो फक्त मला लागू होता. माझा भाऊ तालमीतून, मैदानावरून, कुठून कुठून हुंदडून केव्हाही यायचा. त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. मी मात्र सूर्य जोतिबाच्या डोंगराआड गेला की उंबऱ्याच्या आत. हा नियम कुणी केला असं विचारलं की घरातली सगळी माणसं एकमेकांकडे बघायची.

नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. आमचं गाव पंचगंगेच्या पलीकडे, कोल्हापूरपासून नऊ किलोमीटरवर. बारावीनंतर मी हट्टानं उद्यमनगरातल्या एका वर्गात नाव घातलं. तिथे जळालेल्या मोटारी भरायला शिकवत. शेतातल्या पंपाची मोटर जळाली की आतली करपलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे घालून बसवायची, हे ते काम. वर्गात मी एकटी मुलगी. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "चुकून आलीस काय गं?" मी म्हटलं, "न्हाय, मुद्दाम." त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वर्ग साडेचार ते साडेसहा, कारण बाकीचे सगळे कारखान्यातली पाळी संपवून येत. जूनमध्ये मी सव्वासातला घरी पोचायची, तेव्हा आई देवापाशी वात लावत असायची. जमून जात होतं. पण दिवस आखडत चालले. परीक्षा एप्रिलात होती आणि गणपती उठेपर्यंत अंधार माझ्याआधी घरी पोचायला लागला.

एका संध्याकाळी थोरले चुलते आमच्याकडे येऊन बसले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. गावाच्या तोंडाशी पिंपळाचा पार आहे; त्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवणं हे काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं.

"पोरगी अंधाराची येती," ते वडिलांना म्हणाले. "बरं दिसतंय काय?"

वडील उद्यमनगरातच लेथवर होते. कामात केसाइतकी चूक खपवून घेत नसत, पण थोरल्या भावापुढे त्यांची मान वर होत नसे. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रस्त्यानं आता उसाच्या ट्रॉल्या चालू हुतील. सायकलला दिवा न्हाय. दिवाळीपातूर जा, मग बास."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वडील स्वतः सकाळी सातच्या पाळीला थंडीच्या दिवसांत मिट्ट काळोखात निघायचे. वीस वर्षं निघत होते, आणि त्यांच्या सायकलला दिव्याचा पत्ता नव्हता. हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं.

"बापय माणसाला दिवा कशाला लागतोय?" आबा म्हणाले.

मी आबांकडे बघितलंच नाही. वडिलांना विचारलं, "म्हंजे दिवा झाला तर जायचं?"

"झाला तर बघू," वडील म्हणाले. विषय मिटवायला म्हणाले, हे मलाही कळत होतं. पण शब्द तर त्यांचाच होता, आणि मी तो सोडणार नव्हते.

आधी डायनामो लावून बघितला. फाट्यावरच्या सायकलवाल्याने एक जुना दिला, चालला तर ठेव म्हणाला. टायरला घासून वीज करणारी ती बाटली एकदा चाकाला टेकली की पायडल मारताना जीव निघायचा. उतारावर उजेड झकास, चढावर मिणमिण, आणि थांबलं की गुडुप. आमच्या रस्त्यावर तर थांबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. माणसं कोंबून नेणारी वडापची जीप समोरून आली की रस्ता सगळा तिचा. सायकलवाल्याने कडेला पाय टेकून उभं राहायचं. म्हणजे ज्या घडीला मी जीपवाल्याला दिसायला हवी, त्याच घडीला माझा दिवा बंद. दुसऱ्याच दिवशी एका जीपचा आरसा माझ्या कोपराला चाटून गेला आणि मी सायकलसकट चरात. गुडघा सोलवटला. घरी सांगितलं, म्हशीनं ढकललं. म्हशीने काही तक्रार केली नाही.

मग भावाचा तीन सेलचा टॉर्च हँडलला ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधला. प्रत्येक खड्ड्याला तो मान टाकायचा आणि रस्ता सोडून माझं पुढचं चाक उजळायचा. तिसऱ्या दिवशी निसटून माझ्याच चाकाखाली आला. भावाने महिनाभर तोंड फुगवलं. निदान काच आणि आतली चकचकीत वाटी तेवढी वाचली होती.

दिवाळी जवळ येत होती. मी चिडून मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाटावरचा बंद पडलेला इमर्जन्सी दिवा माझ्यापुढे आदळला. "बॅटरी चांगली हाय, सहा व्होल्टची. चार्जिंगचा ट्रान्सफॉर्मर जळलाय. जळालेलं भरायलाच आलीयास न्हवं? भर की." तार केसासारखी बारीक. वेढे मोजता मोजता दोनदा आकडा चुकला. पहिल्यांदा धूर निघाला तेव्हा अख्खा वर्ग हसला, दुसऱ्यांदा नुसताच वास आला तेव्हा निम्मा हसला. तिसऱ्यांदा बॅटरी चार्ज झाली. त्या दिवशी मी बाकीच्यांकडे मान ताठ करून बघितलं, आणि एकालाही हसू आलं नाही.

जुन्या बाजारातून मोपेडचा छोटा बल्ब आणला. आता हे सगळं बसवायचं कशात? पत्र्याचे डबे वाजायचे, प्लॅस्टिकचे तापून मऊ व्हायचे. एका सकाळी आई रतिबाचं दूध घालत होती आणि माझी नजर तिच्या हातातल्या अर्ध्या लिटरच्या मापावर गेली. ॲल्युमिनियमचं, तोंडाला टॉर्चच्या काचेएवढं, वर लांब दांडा, दांड्याला टोकाशी आकडा. तो दांडा वाकवून हँडलला घेरला की काम झालं.

"माप दे," मी म्हटलं.

"आणि दूध काय वंजळीनं मोजू?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माप माझ्या पिशवीवर ठेवलेलं होतं. आई पेल्याने दूध घालत होती आणि माप चेपलं म्हणून गिऱ्हाइकांना सांगत होती. मी दांडा वाकवायला घेतला तेव्हा ती चुलीपाशी बसूनच म्हणाली, "जाळात धरून घे आधी. तसाच वाकवलास तर मोडंल." तिने या दिव्याबद्दल काढलेले तेवढेच शब्द. मापात बल्ब आणि टॉर्चची वाटी बसवली, तोंडाला रबराची पट्टी लावून काच बसवली, बॅटरी कॅरियरला बांधली, हँडलवर बटण. थांबलं तरी जळत राहणारा दिवा.

दिवा झाला होता, पण "बघू" अजून बाकी होतं. मी वडिलांना तो दाखवायला नेला असता तर ते आबांना विचारून सांगतो म्हणाले असते, आणि आबांचं उत्तर मला पाठ होतं. म्हणून मी खंडेनवमीपर्यंत गप्प राहिले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याचं ज्यावर पोट, ते त्याने पुजायला मांडायचं. वडिलांनी पाटावर आपली मापं घेण्याची साधनं, लेथची कापणी हत्यारं ओळीने मांडली. आईचा विळा, आबांचं खुरपं आणि कुऱ्हाड. वडील पुढे बसले, आबा कडेला. मी शेवटच्या क्षणी ओळीच्या टोकाला माझा दिवा बॅटरी-बटणासकट सायकलवरून सोडवून आणून ठेवला.

"हे काय? दुधाचं माप पुजताय व्हय?" आबा म्हणाले.

"माप न्हाय," मी म्हटलं. "हत्यार हाय माझं."

वडील कुंकवात अंगठा बुडवून एकेका हत्याराला लावत येत होते. दिव्यापाशी आले आणि थांबले. दुसऱ्या हाताने तो उचलला. वाकवलेल्या दांड्यावरून नख फिरवलं, काच हलते का बघितलं, बटण दाबून उजेड बघितला. मग त्यांनी कुंकवाने भरलेला ओला अंगठा सरळ काचेच्या मधोमध दाबून गोल फिरवला आणि झेंडूचं फूल ठेवून पुढे गेले. आबा उठून बाहेर गेले.

दसरा झाला आणि मी वर्गाला निघाले. काचेवरचं कुंकू मी पुसलं नाही. पुजलेल्या वस्तूवरचं कुंकू कोण पुसतं? परत येताना पूल ओलांडून बटण दाबलं, तर समोर लालभडक उजेड. वडापची जीप समोरून आली आणि कचकन थांबली. ड्रायव्हरने मुंडकं बाहेर काढलं. "ओ पावणं, मागचा दिवा फुडं लावलाय व्हय?" आतली सगळी माणसं खो खो हसली. पण जीप थांबली होती. या रस्त्यावर माझ्यासाठी जीप पहिल्यांदाच थांबली होती.

गावात वीज गेलेली होती. सगळीकडे काळोख आणि पारावर आबा एकटे बसलेले. आमच्याकडे संध्याकाळचा पहिला दिवा दिसला की माणूस आपोआप हात जोडतो. समई असो, कंदील असो, नाहीतर घरातला साधा बल्ब. काळोखातून एक लाल दिवा संथपणे आपल्याकडे येतोय असं आबांना दिसलं, आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मी जवळ जाऊन ब्रेक दाबला. दिवा जळतच होता.

"आबा, मी हाय."

त्यांनी डोळे उघडले. जोडलेले हात खाली घ्यावेत की तसेच ठेवावेत, ते त्यांना ठरवता येईना.

"दिवेलागण झाली न्हवं आता?" मी विचारलं आणि घंटी वाजवून घराकडे वळले.

तासाभरात ते आमच्या सोप्यात होते. "माझी थट्टा करती ही! आजच्या आज बंद कर हिचं!" वडील जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि पंच्याला पुसला. या वेळीही मान खालीच राहणार, असं मी धरूनच चालले होते. पण ते म्हणाले, "दिवा झाला तर बघू म्हणालो होतो, आबा. झालाय की."

"आणि लोकं? लोकं काय म्हंतील?"

"हातानं पुजलंय मी ते. पुजलेलं हत्यार खुंटीला टांगून ठेवाय येत न्हाय."

वडिलांनी आबांना उलट उत्तर दिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं आणि रागही आला, की हे आधी का नाही बोललात. आबा गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "कुंकू कडंला घे. लाल दिवा फुडं नसतोय." मी काच स्वच्छ केली आणि कुंकवाचं बोट मापाच्या काठाला ओढलं. सगळा हिवाळा उसाच्या ट्रॉल्यांसमोरून मी त्या उजेडात आले, आणि एप्रिलात पास झाले.

पुढे फाट्यावर माझं दुकान झालं, मोटारी भरण्याचं. दुकान सोडणार नाही हे सांगूनच शेजारच्या गावात लग्न केलं. मुलखाचं लोडशेडिंग सुरू होतं तेव्हाची गोष्ट. शेतीला वीज रात्रीच्या पाळीने मिळायची. एका संध्याकाळी मी माहेरी आले होते आणि आबा काठी टेकत आमच्या दारात आले. खूप थकले होते.

"मोटर नुसती घुमती, फिरत न्हाय. आठला करंट येतोय. ऊस करपाय लागलाय गं."

"सकाळी बघूया की."

"सकाळी करंट कुठला? आत्ता चल."

"आबा, दिवेलागण झाली," मी म्हटलं. "बाईच्या जातीनं आता घराबाहेर पडावं काय?"

ते दारातच उभे राहिले. काठी या हातातून त्या हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझ्याकडं दिवा हाय की."

इतकी वर्षं मला हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि ते शेवटी आबांच्या तोंडून आलं. वडील उठले आणि माझी हत्यारांची पिशवी सायकलच्या कॅरियरला बांधली.

विहिरीवर मी हँडलवरचा दिवा कॅरियरवरच्या बॅटरीसकट सोडवला. बॅटरी दोनदा बदलली होती, बल्ब किती वेळा ते आठवत नाही. माप मात्र आईचंच, काठाला कुंकवाची काळपट रेघ. स्टार्टर उघडायला मला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून दिवा आबांच्या हातात दिला. त्यांच्या दुसऱ्या हातात काठी होती आणि उजेड हलून भलतीकडेच जात होता.

"आबा, दिवा नीट धरा. हलवू नका."

त्यांनी काठी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी दिवा धरला. तीनपैकी एका फेजची तार निघाली होती, एवढंच. पाच मिनिटांचं काम. पण करंट यायला अजून पाऊण तास होता, म्हणून मी मुद्दाम अर्धा तास लावला.