बाबांचा बंद व्ह्यूफाइंडर

शनिवारी सकाळी मी कल्याणला गेलेले, बाबांचा कॅमेरा घेऊन. मोबाईल असताना कॅमेरा रिपेअर करायला कोण जातं हल्ली, असं रिक्षावाल्यानेही विचारलं... विचारू दे.

कॅमेरा छोटा डिजिटल, खिशात मावणारा, काळा. मागे स्क्रीन आहे, आणि वरच्या कोपऱ्यात डोळा लावून बघायची एक बारकी खिडकी आहे, ती म्हणजे व्ह्यूफाइंडर. तीच बंद. डोळा लावला की काळाकुट्ट अंधार, बाकी सगळं चालू.

बाबांना स्क्रीनवर बघून फोटो काढणं मुळीच आवडत नाही. रोलच्या काळातला माणूस... डोळ्याला लावल्याशिवाय त्यांना तो कॅमेरा वाटतच नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी खिडकी काळी झाली तेव्हा ते लगेच दुकानात निघालेले, तर आईनेच अडवलं. स्क्रीनवर दिसतंय ना, मग उगाच कशाला धावाधाव! बाबा कुरकुरत स्क्रीनवर बघायला लागले.

दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि कॅमेरा कपाटात गेला. बाबाही तसेच... ठाण्यातल्या खोपटच्या घरातली ती एक खुर्ची, टीव्ही आणि पेपर. तलावपाळीची, म्हणजे तलावाभोवतीची, रोजची चक्करसुद्धा बंद. मी मानपाड्याहून रोज फोन करायचे, बाबा, जरा बाहेर पडा हो. ते म्हणायचे, "बघू." त्या "बघू"चा मला भयंकर राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीती वाटायची.

आणि मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून फोन केला. "अगं, तलावावर जाऊन फोटो काढावेत म्हणतोय. तेवढी ती खिडकी दुरुस्त करून आण." मी ऑफिसमध्ये रडायचीच बाकी होते. आता काहीही करून ही खिडकी उघडायलाच हवी होती... नाहीतर बाबा परत त्या खुर्चीत.

डोंबिवलीतल्या एका दुकानदाराने कॅमेरा हातातही घेतला नाही. पार्ट येत नाहीत ताई, नवीन घ्या. अरे, निदान बघ तरी! तिथून तणतणत निघाले, ती चौकशी करत करत कल्याणच्या या जुन्या दुकानात पोचले.

इथले काका साठी ओलांडलेले, बोलायला एकदम शांत. त्यांनी झूमचं बटण दाबून कॅमेरा कानाशी धरला. आत काहीतरी सरकल्याचा बारीक आवाज आला. मग मागच्या खिडकीत छोटा टॉर्च मारला आणि पुढून बघितलं... उजेड बाहेर येतच नव्हता. "आतलं सगळं नीट सरकतंय ताई. हे पुढूनच काहीतरी अडलंय," ते म्हणाले आणि फडक्याने पुसत बसले.

म्हटलं, मला बघू द्या काका. लेन्सच्या वर, त्या खिडकीच्या पुढच्या तोंडाशी बोट फिरवलं आणि नखाला एक बारीक कड लागली. ती कड मी रोज तोंड धुताना कपाळावर शोधते हो... कुठेही ओळखेन!

टिकली होती. काळी, गोल, चांगली मोठी. आई लावायची तशी.

काळ्या कॅमेऱ्यावर काळी टिकली, वर धूळ बसलेली, कोणाला कळणार? फोटो काढणारा तर कॅमेऱ्याच्या मागे असतो. पुढे नेहमी आईच असायची.

काका हसायला लागले. मग त्यांनी समजावलं की ही खिडकी लेन्सच्या जरा वर असते, त्यामुळे जवळून फोटो काढला की खिडकीत अख्खा चेहरा दिसतो आणि फोटोत कपाळ कापलं जातं. मी तिथल्या स्टुलावर बसलेच. आमचे सगळे अल्बम डोळ्यांसमोर आले... आई भुवयांपासून खाली. बाबांना लांबून फोटो काढताच यायचा नाही, जवळ जवळ जायचे. आणि आई दरवेळी चिडायची, "अहो, माझी टिकली कुठे गेली?"

शेवटी तिने ती कॅमेऱ्यालाच लावून टाकली! आणि वर साळसूदपणे, स्क्रीनवर दिसतंय ना. काय बाई होती...

तिथून थेट ठाण्याला गेले. बाबांना सगळं सांगितलं, टिकली त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून उलटसुलट बघितली, मग म्हणाले, "लबाड." आणि डोळे पुसले. मीही पुसले.

मग बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खुश झाले, आणि सवयीने माझ्या अगदी जवळ येऊन फोटो काढला. स्क्रीनवर बघितलं तर मी भुवयांपासून खाली.

बाबांनी वर भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघितलं. तो फोटो खिडकी काळी झाल्यानंतरचा... त्यात कपाळ अख्खं आहे आणि टिकली बरोब्बर मधोमध. "हिचं बरोबर होतं की गं," एवढंच म्हणाले.

आत जाऊन त्यांनी आईच्या ड्रॉवरमधून टिकल्यांचं पाकीट आणलं. जुनीचा गोंद वाळलेला, ती फोटोच्या काचेच्या कोपऱ्यात कशीबशी चिकटवली. पाकिटातली नवी, काळी टिकली काढून कॅमेऱ्याच्या त्या खिडकीवर पुढून लावली आणि अंगठ्याने नीट दाबली.

रविवारी बाबा तलावपाळीला जाऊन आले. सोमवारी पण गेले. ग्रुपवर फोटो येतायत... बदकं, भेळवाला, त्यांचे जुने मित्र, सगळ्यांची डोकी शाबूत.

काकांना थँक यू म्हणायला आज फोन केला, तर त्यांनी विचारलं, व्ह्यूफाइंडर कसा चाललाय? म्हटलं, एकदम मस्त काका... काही म्हणजे काही दिसत नाही.