पाण्यात उतरण्याआधी

आम्ही नवरा-बायको पोहण्याचे तलाव बांधून देतो. मूळचे पारनेरकडचे. नागापूरच्या एमआयडीसीत हे पंप दुरुस्ती शिकले. पुढे राहुरीकडे, मुळा धरणाच्या बाजूला कृषी पर्यटनाची ठिकाणं निघाली, तशी कामं मिळत गेली. पंप आणि पाइप ह्यांच्याकडे. फरशी, माल आणि मजूर माझ्याकडे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका जुन्या तलावाची दुरुस्ती घेतली होती. तो बांधला होता दुसऱ्याच कोणी. हे कमरेएवढ्या पाण्यातून स्टीलची शिडी धरून वर येत होते, आणि तिथंच थांबले. ओरडले नाहीत. शिडी सोडेनात, एवढंच. मी काठावरून हात पुढे केला, तेवढ्यात तिथल्या स्वयंपाकीण बाईंनी मला मागं खेचलं.

"हात लावू नका, करंट हाय."

त्या धावत गेल्या आणि मेन स्विच पाडला. हे पाण्यात कोसळले. मग आम्ही दोघींनी मिळून त्यांना बाहेर ओढलं.

हाताचं दुखणं दवाखान्यात बरं झालं. भीती मात्र घरी आली. "मी आपल्या पंपांच्या दुकानात बसतो," हे म्हणाले, "पाण्याचं काम मला सांगू नगं." मी वाद घातला नाही. काठावरून पुढे केलेला माझा हात मलाही स्वप्नात दिसत होता.

दिवाळीनंतर कळलं की तलाव बांधणाऱ्या कंत्राटदारांसाठी एमआयडीसीतच वीज सुरक्षेचं प्रशिक्षण आहे. मी नाव दिलं. हॉलमध्ये सगळे पुरुष. एकानं विचारलं, "साहेब न्हाई आले?"

"मीच आलेय," मी म्हटलं.

शिकवायला वीज खात्यातून निवृत्त झालेल्या इंजिनिअर बाई होत्या. मी घडलेलं सगळं सांगितलं.

"ताई, त्या बाईंनी दोन जीव वाचवले. तुम्ही हात लावला असता, तर तुम्हीही चिकटला असता. आधी वीज बंद, मग माणूस."

मग त्यांनी फळ्यावर तलाव काढला. शिडी, कठडा, पंप, काँक्रीटमधल्या सळया, सगळं तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडायचं आणि अर्थिंग द्यायचं. पाण्यातले दिवे बारा व्होल्टचेच. आणि विजेची गळती झाली की तत्क्षणी वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. "एक चुकलं तर दुसरं सांभाळून घेतं," त्या म्हणाल्या, "म्हणून तिन्ही करायचं."

रात्री जेवताना मी हे सगळं ह्यांना सांगितलं. हे खाली मान घालून ऐकत होते. मधेच म्हणाले, "सळया जोडायच्या, म्हंजे काँक्रीट वतायच्या आधी?"

इतक्या महिन्यांत कामाचा पहिला प्रश्न.

"ते बाईंनाच विचारा. उद्या पण वर्ग आहे."

हे आले, मागच्या खुर्चीवर बसले. बाईंनी मुद्दाम गळती करून दाखवली. आरसीसीबी टक् करून पडला. ह्यांनी हात वर केला. "मॅडम, परत दाखवता?" त्यांनी दाखवलं. मग ह्यांनाच पुढे बोलावून करायला लावलं.

त्या हिवाळ्यात राहुरीजवळ नवा तलाव घेतला. वायरिंग परवानाधारक वायरमननं केलं, पण सळयांना तांब्याची तार जोडताना हे दिवसभर त्याच्या शेजारी उकिडवे बसून होते. तलाव भरला त्या दिवशी वायरमननं मीटर लावून सगळं तपासलं. ह्यांनी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं. तो पडला, परत चढवला. मालकाला घाई होती, पाहुणे यायचे होते.

"थांबा जरा," हे म्हणाले. पँट दुमडून शिडीपाशी गेले आणि उभे राहिले. बराच वेळ.

"मी उतरू का आधी?" मी विचारलं.

"नगं. तू स्विचपाशी थांब."

त्यांनी शिडी धरली. एक पायरी, मग दुसरी. छातीपर्यंत पाणी आल्यावर मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"लई गार हाय," असं म्हणाले, आणि पलीकडच्या काठाकडं पोहत गेले.