ओटीतली मेमरी

नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली कॉम्प्युटरची एक मेमरी. माझी ओटी अशी भरली गेली. भरणारी ताई हसत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं, कारण मेहकरात मला दुसरं कोण होतं?

माझं माहेर कुडाळकडचं. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हायवेच्या कामावर जेसीबी चालवायला आलेल्या माणसाशी लग्न झालं आणि मी इकडे आले. नवरा चांगला, सासूही वाईट नाही, पण पहिलं वर्षभर मला इथलं बोलणं निम्मं कळायचं आणि निम्मं अंगावर आल्यासारखं वाटायचं. कुणी साधं ‘काऊन?’, म्हणजे ‘का गं?’, विचारलं तरी माझं काहीतरी चुकलं असं समजून मी दचकायचे. आईचा फोन आला की ती पहिल्यांदा विचारायची, ‘‘कोण बोलाक असा काय गो थंय?’’ मी म्हणायचे, आहेत गं सगळे. खरं तर कुणी नव्हतं.

मग आधार कार्डावरचा पत्ता बदलण्याच्या भानगडीत फोटो काढायला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात गेले. फोटो आणि लग्नाच्या अल्बमचं डिझाइन, असं ते दुकान. एक बाई एकटीच चालवायची. मी स्टुलावर अंग चोरून बसलेली. तिनं कॅमेरा खाली घेतला. ‘‘काऊन इतकी घाबरून राह्यली बाई? फोटोच काढून राह्यलो, रक्त नाही काढत.’’

ती आमची ताई. बाई असून ती ‘मी येतो, मी जातो’ असं बोलायची, इथल्या बऱ्याच बायका बोलतात तसं. मला हसू आलं आणि त्या हसण्यातच ओळख झाली. दुपारी दुकानात जाऊन बसायला लागले. आधी फोटो कापून द्यायचे, मग तिनं माझा हात धरून माउस फिरवायला शिकवलं. नववीची ही बाई, हिला काय जमणार, असं ती एकदाही बोलली नाही. पुढे अल्बमची पानं लावायला शिकवली, चेहऱ्यावरचे डाग काढायला, मागची गर्दी पुसायला. पहिल्या पंचमीला बांगड्या तिनंच भरल्या. मी आईला फोनवर सांगितलं, आई, आता बोलायला आहे हां मला. त्या दिवशी आईचा आवाज किती हलका झाला होता!

हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढचं लिहिताना ते विसरलं जाईल अशी मला धास्ती वाटते. तिनं दिलेलं खोटं नव्हतं.

मुलगी झाल्यावर दुकानात जाणं कठीण व्हायला लागलं. सासूच्या गुडघ्यांना पोर सांभाळणं झेपेना. तिला घेऊन गेले तर ती वायरी ओढायची. नवरा म्हणाला, घरीच कॉम्प्युटर बसव की. मला ते पटलं, पण ताईला सांगायचं कसं या विचारानं मला जेवण जाईना. शेवटी सांगितलं. तिनं आधी स्क्रीनवरचं पान साठवून बंद केलं. मग म्हणाली, ‘‘बरं आहे नं. घरी कर. लेकरू जवळ राहील.’’ मी तिचे पायच धरायचे बाकी ठेवले.

कॉम्प्युटरमधलं काय घ्यायचं तेही तिनंच समजावलं. ‘‘हे पाह्य, हार्ड डिस्क म्हणजे पिठाचा डबा. त्यात कितीक पीठ असलं तरी मळाले परातीतच घ्या लागते. मेमरी म्हणजे परात. परात लहान, त एका भाकरीच्या पिठाले धा खेपा. आन् स्पीड म्हणजे तुहा हात.’’ इतकं स्वच्छ मला शाळेत कुणी शिकवलं असतं तर मी दहावी तरी झाले असते.

सुटे भाग घ्यायला मी नवऱ्याबरोबर चिखलीला गेले. दुकानदारानं मेमरीचं एक पाकीट पुढे केलं. आत दोन पट्ट्या, आठ-आठ जीबीच्या. ‘‘वहिनी, जोडीच घ्या. दोन्ही बत्तीसशे स्पीडच्या. एका पाकिटातल्या एकमेकीशी बरोबर जुळतात.’’ मी ताईला फोन लावला.

‘‘अवं, जोडी कायले घेतं? एकच घे. एक मी देतो तुले, माह्याकडं पडून आहे.’’

दुकानदारानं ते ऐकलं. तो म्हणाला, त्यांची किती स्पीडची आहे विचारा. ताई म्हणाली, चोवीसशेची. ‘‘मग तुमची बत्तीसशेचीपण चोवीसशेनंच चालेल,’’ दुकानदार म्हणाला. दोघी भाकरी थापायला बसल्या आणि तवा एकच असला की सावकाशीच्या हातानंच सगळं चालतं, तसं. मी हे ताईला घाबरत घाबरत विचारलं.

‘‘त्याले इकाचं आहे म्हणून तो सांगते. अल्बमले परात मोठी पाह्यजे बाई. हात थोडा हळू चालला तरी चालते.’’

आता मला कळतं की ते बोलणं चुकीचं नव्हतं. डिझाइनच्या कामाला जागा आधी, वेग नंतर. फसवण्यासाठी तिला एकही खोटा शब्द वापरावा लागला नाही. मी पाकीट परत केलं आणि सुटी एक पट्टी घेतली.

आणि मग ती ओटी. दुकानातल्या माझ्या शेवटच्या दिवशी ताईनं पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. ‘‘मेमरी माहेरची समज,’’ म्हणाली. घरी येऊन कागद उलगडला तर पट्टीच्या एका कोपऱ्याला लालसर ठिपका होता. ओटीतलं कुंकू लागलं असणार. ते पुसायचं माझ्या मनातही आलं नाही. तशीच खाचेत बसवली. नारळाच्या वड्या केल्या आणि अर्ध्या ताईला नेऊन दिल्या.

पहिलं काम बीबी गावचं मिळालं. एका मुलीच्या लग्नाचा अल्बम. तिची मोठी बहीण ताईच्या दुकानात माझ्या हातची पानं बघून गेली होती. ती घर शोधत आली. म्हणाली, ‘‘पोरगी नवऱ्यासंगं गुजरातला चालली, तिकडं नोकरी आहे त्याची. त्याच्या आंधी द्या बरं. तिले संगं न्यायचा आहे.’’ मी हो म्हटलं. हे काम वेळेत झालं तर घरून पोट भरतं हे सिद्ध होणार होतं. नाही झालं तर लेकीला कडेवर घेऊन पुन्हा दुकान, पुन्हा वायरी, पुन्हा सासूचे गुडघे.

मुलगी दुपारी झोपली की मी बसायचे. पाच-सहा पानं छान झाली आणि मग कॉम्प्युटर निळा होऊन बंद पडला. पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. कधी फाइल साठवताना अडकायचा. कधी साठवलेली फाइल उघडली की फोटोवर आडवे रंगीत पट्टे. एकदा मुलीला कवटाळून रडणाऱ्या आईच्या तोंडावरून हिरवा पट्टा गेला होता. मला ते अपशकुनासारखं वाटलं. मी घाम पुसत बसले.

माझंच काहीतरी चुकतंय, याबद्दल मला शंकाच नव्हती. नववी शिकलेल्या बाईनं कॉम्प्युटरला हात लावल्यावर दुसरं काय होणार? मग लाइटीला दोष दिला, मग उन्हाला. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून टेबलफॅन लावला. देवापुढे दिवा लावला. ताईकडे मात्र रोज जाऊन रडायचे.

‘‘घरच्या लाइटीवर नाही टिकत बाई असलं काम,’’ ती म्हणायची. चहा पुढे करायची. ‘‘इथं आण ते काम. इथं बसून कर. मी काय तुले नाही म्हणतो काय?’’ मला तेव्हाही भरून यायचं. मी तिला सोडून गेले आणि तरी ही दार उघडं ठेवून बसलीय!

बीबीहून फोन यायला लागले. नवरी मुलगी निघायच्या बेतात होती. मी ताईकडे फोटो द्यायचं ठरवलं आणि पेनड्राइव्ह पदराला बांधला. नवरा चिडला. ‘‘काऊन तिकडं नेऊन राह्यली? आंधी मशीन त दाखव कोणाले.’’ बाजाराच्या दिवशी धाड गावचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला मेहकरला येतो, त्याला तो घेऊन आला.

दुरुस्तीवाला गडी गमत्या. डब्यासमोरचा टेबलफॅन बघून म्हणाला, ‘‘वहिनी, याले कुल्फीबी चारता काय?’’ त्यानं स्वतःचा पेनड्राइव्ह लावून मेमरीची तपासणी चालू केली. थोड्या वेळानं स्क्रीनवर लाल ओळी उमटायला लागल्या, एकीखाली एक. ‘‘लाइटीचं नाही हे. मेमरी खराब आहे.’’ त्यानं एकच पट्टी ठेवून तपासलं, माझी. एकही लाल ओळ नाही. मग ताईची लावली. लाल, लाल, लाल.

त्यानं ती पट्टी काढून उजेडात धरली आणि कोपऱ्यावरचा ठिपका नखानं खरवडला.

‘‘हे कोणं देल्ली तुमाले?’’

‘‘का?’’

‘‘हे त मीच काहाडली होती. खिडकीपाशीच्या मशीनमधून, तुमच्या त्या ताईच्या दुकानात. दिवाळीच्या टायमाले. नेलपालिश लावून देल्ली, का बा चुकून परत कोणी लावू नये. बाटली त्याइच्याच टेबलावर होती. फेका म्हटलं होतं.’’

दिवाळीला मी माहेरी होते. परत आले तेव्हा खिडकीजवळचं आधी सारखं अडकणारं मशीन नीट चालायला लागलं होतं. ताई म्हणाली होती, साफसफाई केली.

‘‘चुकून दिली असेल,’’ मी म्हटलं.

‘‘असंन,’’ तो म्हणाला. ‘‘पण म्या मोठी फुली मारली होती वहिनी. हे घासली आहे कोणतरी. कोपऱ्यातलं तेवढं राह्यलं.’’

कुंकू समजून जे मी पुसलं नव्हतं, ते तिनं पुसूनही पुरतं निघालं नव्हतं. तो गेला तरी पट्टी माझ्या हातातच होती. राग येईना. मला आठवत होत्या त्या वड्या. तिनं एक तोंडात टाकून, ‘‘गोडी मस्त उतरली’’ म्हटलं होतं.

एकाच पट्टीवर अल्बम पुरा केला. परात लहान, म्हणून दोन-दोन पानं उघडायची, साठवायची, बंद करायची. वेळ लागला, पण मशीन एकदाही निळं झालं नाही. त्या आईचा चेहरा स्वच्छ आला. छापून आलेला अल्बम बीबीची मोठी बहीण मुलगी निघायच्या आदल्या दिवशी घेऊन गेली.

मग मुलीला कडेवर घेऊन ताईकडे गेले.

‘‘काम आणलं काय?’’ तिनं विचारलं.

‘‘झालं ते. दिलं पण.’’

‘‘झालं?’’ तिचा हात माउसवर थांबला. ‘‘कसं काय?’’

एवढ्या दोन शब्दांनी उरलीसुरली शंका गेली. मी म्हटलं, ‘‘तुमची मेमरी काढून ठेवली.’’

‘‘चुकून गेली असंन बाई. ड्रॉवरमंदी दोन होत्या.’’

‘‘फुली घासलेली होती, ताई.’’

ती स्क्रीनकडे वळली. कुठल्याशा नवरीच्या कपाळावरचा डाग काढत राहिली. डाग कधीच गेला होता, तरी माउस फिरतच होता. माझ्या मुलीनं तिच्याकडे हात पसरले, ते तिनं पाहिले नाहीत. मग हळूच म्हणाली, ‘‘चार दिवस वैताग झाला असता तुले. मंग तू आली असती परत.’’

‘‘आणि माझं काम?’’

‘‘मी करून देल्लं असतं नं. मी काय तुहं नुकसान होऊ देल्लं असतं?’’

तिला खरोखर तसं वाटत होतं. ते ऐकून मला जास्त लागलं.

मी उठले. सवयीनं तिनं कुंकवाचा करंडा पुढे ओढला. माझं कपाळ कुंकवाशिवाय तिनं कधी दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

‘‘राहू द्या,’’ मी म्हटलं. ‘‘चपला घातल्या मी.’’

पुढे चिखलीहून बत्तीसशेची दुसरी पट्टी आणली. दोन्ही खाचा आता भरलेल्या आहेत आणि मुलगी माझ्या पायाशी खेळते. ओटीत आलेलं फेकता येत नाही आणि परतही करता येत नाही, म्हणून ताईची पट्टी कपाटात खणाच्या घडीत आहे. दुकानावरून जाते तेव्हा मी मान खाली घालते. ज्या हातांनी अल्बम करते ते हात तिनं शिकवलेले आहेत, आणि हे मला कुणाला सांगता येत नाही.

आईचा फोन येतो. ‘‘तुझी ती ताई बरी आसा मा?’’

‘‘बरी आहे,’’ मी म्हणते. मग आई निश्चिंत होऊन दुसरं बोलायला लागते.