हात ढकलला, की थांबायचं

४ डिसेंबर २००१. विशेष शिक्षिका म्हणून माझं आजचं काम एकच होतं: दौंडजवळच्या वस्तीवरच्या एका सात वर्षांच्या, न बोलणाऱ्या मुलीला केस विंचरून घ्यायची सवय लावणं. कंगवा दिसताच ती किंचाळायची, त्यामुळे केसांचा पार गुंता झाला होता. आजी उद्या न्हाव्याला बोलावून तिचं डोकं भादरून घेणार होती.

"बाई, मी दाबून धरते, तुम्ही विंचरा," आई म्हणाली.

"धरायचं नाही. तिनं हात ढकलला, की थांबायचं."

"मंग शिमग्यापातूर चालंल तुमचं," आजी म्हणाली.

मुलगी ढकलत राहिली, मी थांबत राहिले. दाबून धरलेलं मूल सोसायला शिकतं, विंचरून घ्यायला नाही. संध्याकाळी तिनं एक बट सोडवू दिली. आजीनं ती निरखून पाहिली, पण न्हाव्याला येऊ नको असं काही कळवलं नाही.

५ डिसेंबर. सकाळी पहिल्या एसटीनं मी न्हाव्याच्या आधी वस्तीवर पोचले.