सुंदराबाईचा बॅज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय – कोण जाणे. बदलापुरात हेंद्रेपाड्याच्या या दोन खोल्यांत मी एकटी राहते. बोलायला भिंती आहेत, पण त्यांच्यापुढेही हे काढायची लाज वाटते.

ऐंशीच्या दशकात मी उल्हासनगरच्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायचे. कामात चोख – असं डॉक्टर म्हणायचे. मोठी माणसं श्वास रोखून उभी राहतात, लहान मुलं कुठली राहायला? कुणीतरी त्यांना धरावं लागे. बरोबर आलेल्या बायका बऱ्याचदा गरोदर असायच्या. डॉक्टर आतूनच ओरडायचे, "आया पकडेगी ना!" आया म्हणजे पालेगावहून येणारी सुंदराबाई.

आणि मी? मी शिशाच्या पडद्यामागे. शिशाचा ॲप्रन दवाखान्यात एकच होता, तो – आता सांगतेच – माझ्या अंगावर असायचा. पडद्यामागे उभी असतानासुद्धा.

मला ठाऊक नव्हतं का? होतं की. शिकताना सगळं पाठ केलं होतं. थोड्याशा किरणांनी पेशींत बारीक चिरा पडतात आणि पेशी त्या स्वतःच रफू करतात. बहुतेक वेळा छान जमतं. एखाद्या वेळी धागा भलतीकडेच जातो, आणि ती चुकलेली पेशी वर्षानुवर्षं गप्प राहून मग वाढतच सुटते. यातलं पहिलं अर्धं मी सुंदराबाईला सांगितलं. "अंग आपोआप भरून काढतं गं," म्हणाले. उरलेलं अर्धं स्वतःपाशी ठेवलं. मला लग्न करायचं होतं, मुलं हवी होती. तिला काय, झाली होती की! – असा विचार करणारी बाई मी. लग्न पुढे झालंच नाही. ही शिक्षा वगैरे समजू नका, स्थळं जमली नाहीत इतकंच.

बघा, मूळ गोष्ट अजून टाळतेच आहे.

माझ्या छातीवर एक बॅज असायचा. अंगावर किती किरण पडले ते आतली पट्टी मोजते, एवढंच त्याचं काम. सुंदराबाईला तो ताईत वाटायचा. एकदा म्हणाली, "ताई, मना पन दे ना एक. पोरांना धरताना भ्याव वाटतं."

काय करायला हवं होतं मी? ॲप्रन काढून द्यायचा. निदान डॉक्टरांकडे तिच्यासाठी खरा बॅज मागायचा. पण खऱ्या बॅजने मोजलं असतं, मोजल्यावर कुणीतरी विचारलं असतं, आणि मग मुलं धरायची पाळी माझ्यावर आली असती. मी खणातून एक जुना, आत पट्टीच नसलेला बॅज काढला आणि माझ्या हाताने तिच्या पदराला लावला. किती खूश झाली! त्या दिवसापासून बेधडक मुलं धरू लागली. मी तिला "आमच्या मॅडम" म्हणून चिडवायचेही.

नव्वद सालानंतर तिला रक्ताचा कॅन्सर झाला. त्या किरणांनीच झाला का? मुंबईच्या डॉक्टरांना ते सांगता येईना. कुणालाच येत नाही. या वाक्याला मी किती वर्षं धरून बसले! पण ती ठणठणीत राहिली असती, तरी मी केलं ते केलंच होतं ना?

तिला भेटायला पालेगावला गेले. आज सांगायचंच, असं वाटभर घोकत होते. खोलीत आम्ही दोघीच. माझा हात हातात घेऊन तीच म्हणाली, "माझी पोर मंदा घरीच बसलीय. माझ्या जागी लावशील का गं तिला? तू हायेस तिथं, मना घोर नाय."

बोलायला याहून सोपी वेळ कुठली मिळणार होती? तोंड उघडलं मी – उघडलं, खरंच. म्हणाले, "पाठव सोमवारपासून."

सोमवारी मंदा आली. नवी साडी नेसून आली होती. पहिलंच मूल फार रडत होतं. तिने ते घट्ट धरलं, आणि मी बटण दाबलं.